मोटर सेकंदात, फिल्टर तासात, दुकानदार मिनिटात: बागेच्या पाण्याचा हिशोब जुळवायचाय

माणदेशी_डाळिंब

नमस्कार मंडळी. सांगोला तालुक्यात माझी चार एकर डाळिंबाची बाग आहे, वाण भगवा. लागवड साडेचार बाय तीन मीटरवर, म्हणजे एकरी ३०० झाडं, एकूण १२००. प्रत्येक झाडाला ताशी ४ लिटरचे चार ड्रिपर. विहिरीवर पाच एचपीची ओपनवेल मोटर, तिथून ७५ एमएमच्या पाइपनं ४०० मीटरवर बाग.

गेल्या आंबिया बहराला शेवटच्या ओळींमधली फळं तडकली. पुढच्या ओळी चांगल्या, मागच्या खराब. खत तेच, फवारणी तीच. पाणी सगळीकडं सारखं पोचत नाही एवढं कळलं. म्हणून काल सगळे कागद काढून बसलो आणि डोकं गरगरायला लागलं.

मोटरच्या प्लेटवर लिहिलंय: हेड ३० मीटर, डिस्चार्ज ६ एलपीएस. फिल्टरवर लिहिलंय २५ घनमीटर प्रति तास. ड्रिपच्या नकाशावर एकूण गरज १९,२०० एलपीएच. आणि ज्यानं मोटर दिली त्या दुकानदारानं बिलाच्या मागं पेननं लिहून दिलंय, "३०० एलपीएम आरामात."

मी ६ ला ६० नं गुणलं, ३६० आले. म्हणजे तासाला ३६० लिटर? मग १९,२०० लिटरला ५३ तास लागतील. हे तर शक्यच नाही, बागेत तासाभरात ओल दिसते. पोरगा दहावीला आहे, तो म्हणतो पप्पा एकदा अजून ६० नं गुणायचं राहिलं. पण मग फिल्टरचे २५ कुठं बसतात?

जाणकारांनी सोप्या भाषेत सांगावं. पुढचा बहर धरायच्या आधी हे निस्तरायचं आहे.

जलशुद्धीकेंद्र

दादा, पोरगा बरोबर आहे. मी एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात पंधरा वर्षं आहे, रोज हेच करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रवाहाच्या एककात दोन गोष्टी असतात: पाणी किती आणि वेळ किती. एलपीएस म्हणजे लिटर प्रति सेकंद, एलपीएम प्रति मिनिट, एलपीएच प्रति तास. दोन्ही एकदम बदलायला गेलं की चूक होते. आधी वेळ बदला, मग पाण्याचं माप बदला.

तुमची मोटर सेकंदाला ६ लिटर. मिनिटात ६० सेकंद, म्हणून मिनिटाला ३६० लिटर. तुमचे ३६० हे मिनिटाचे आहेत, तासाचे नाहीत. तासात ६० मिनिटं, म्हणून तासाला २१,६०० लिटर. इथं वेळेचं काम संपलं. आता लिटरचे घनमीटर: १००० नं भागा. २१.६ घनमीटर प्रति तास.

म्हणजे ३६०० नं गुणायचं आणि १००० नं भागायचं. दोन्ही मिळून ३.६. हा एक आकडा पाठ करा: लिटर प्रति सेकंदला ३.६ नं गुणलं की घनमीटर प्रति तास. उलट जायचं तर ३.६ नं भागा.

आता तुमचे चारही कागद एका मापात आणू:
मोटरची प्लेट ६ एलपीएस = २१.६ घनमीटर/तास.
फिल्टर २५ घनमीटर/तास, ही त्याची पाणी पेलायची क्षमता.
ड्रिप १९,२०० एलपीएच = १९.२ घनमीटर/तास.
दुकानदार ३०० एलपीएम = तासाला १८,००० लिटर = १८ घनमीटर/तास.

बघा, दुकानदाराचा आकडा बागेच्या गरजेपेक्षा कमी आहे. १८ आणि १९.२. त्यानं बिलाच्या मागं लिहून दिलं तेव्हाच हे दिसायला हवं होतं. पण तो मिनिटात बोलला आणि नकाशा तासात होता.

गणित_शिकवतो

वरच्या प्रतिसादात एक भर. घनमीटरमध्ये १००० लिटर का, हे मुलाला समजावून सांगा. दरवर्षी अर्धा वर्ग १०० म्हणतो, कारण मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर हे डोक्यात पक्कं असतं.

लिटर म्हणजे १० सेंटिमीटर बाजू असलेला ठोकळा. एक मीटर लांबीत असे १० बसतात, रुंदीत १०, उंचीत १०. दहा दाहे शंभर हा फक्त तळाचा एक थर. असे दहा थर रचले की हजार. मी वर्गात खडूनं जमिनीवर एक मीटरचा चौरस काढतो आणि दुधाच्या एक लिटरच्या पिशव्या मांडायला सांगतो. पिशवी ठोकळा नसते, तरी तळाचा थर भरता भरताच मुलांना अंदाज येतो की हे प्रकरण शंभरावर थांबणार नाही.

कोडवाला_पुणे

एकक बदलून देणारी ढीगभर अ‍ॅप आहेत की. आकडा टाका, उत्तर घ्या. एवढं पाठ कशाला करायचं?

जलशुद्धीकेंद्र

अ‍ॅप आम्हीही वापरतो. पण तुम्ही "मिनिट" च्या जागी "तास" निवडलं तर अ‍ॅप काही बोलत नाही, चुकीचं उत्तरही तेवढ्याच ठामपणे देतं. आमच्याकडं एकदा क्लोरीनच्या डोसिंग पंपाची मांडणी अशीच चुकली होती. पंपाची पट्टी लिटर प्रति तासाची, हिशोब करणाऱ्यानं मिलीलिटर प्रति मिनिट समजून फिरवली. १ लिटर प्रति तास म्हणजे मिनिटाला १६.६७ मिलीलिटर, त्यामुळं आकडा साफ वेगळा. टाकीवरच्या क्लोरीनच्या तपासणीत लगेच सापडलं आणि पाणी पुढं सोडलं नाही. ज्याच्या डोक्यात ढोबळ आकडा असतो त्याला उत्तर बघताक्षणी खटकतं. इथं धागाकर्त्यालाही ५३ तास खटकले, म्हणून तर त्यांनी विचारलं.

पंपदुरुस्ती_कामगार

दादा, कागदावरचं गणित झालं. आता प्लेटवर विश्वास ठेवू नका, मोजा.

प्लेटवरचे ६ एलपीएस हे ३० मीटर हेडला आहेत. हेड म्हणजे मोटरला पाणी किती उंच ढकलायचंय ते, आणि त्यात फक्त विहिरीची खोली धरायची नसते. विहिरीतलं पाणी किती खाली, पाइपात घर्षणानं किती जातं आणि ड्रिपला दाब किती लागतो, तिन्हीची बेरीज करायची. १ किलो दाब म्हणजे साधारण १० मीटर हेड.

मोजायची रीत: दोनशे लिटरचं बॅरल घ्या. आधी आतून खरंच दोनशे भरतं का ते बादलीनं तपासा, काही बॅरलं २१० ची असतात. बागेपाशी फिल्टरच्या पुढं पाइप सोडवून बॅरलात धरा, मोबाइलवर वेळ लावा. तीनदा मोजा आणि सरासरी घ्या. मोटर चालू करून पाच मिनिटं जाऊ द्या, लगेच मोजू नका.

आणि एक महत्त्वाचं: हे दोनदा करायचं. एकदा पाइप पूर्ण उघडा ठेवून. दुसऱ्यांदा व्हॉल्व्ह आवळत आवळत फिल्टरवरच्या गेजचा काटा दीड किलोवर आणून. बाग चालू असताना मोटर या दुसऱ्या परिस्थितीत असते. उघड्या पाइपाचा आकडा बघून बरेच जण फसतात.

माणदेशी_डाळिंब

सगळ्यांचे आभार. गणित आता डोक्यात बसलं, ३.६ भिंतीवर लिहून ठेवलंय. उद्या दिवसपाळीची लाइट आहे, मोजतो आणि कळवतो. विहिरीत पाणी ६० फुटांवर आहे.

दवाखान्यातली_ताई

हा धागा शेतीचा आहे, पण राहवलं नाही म्हणून लिहिते. मी परिचारिका आहे. आमचं अख्खं काम याच गणितावर चालतं, फक्त घनमीटरच्या जागी थेंब असतात.

डॉक्टर लिहितात, ५०० मिलीलिटर सलाईन चार तासांत. म्हणजे ताशी १२५ मिलीलिटर. पण आमच्या हातात चाक असतं आणि डोळ्यासमोर थेंब. नेहमीच्या सेटमध्ये साधारण २० थेंबांचा एक मिलीलिटर होतो. तर १२५ गुणिले २० भागिले ६०, मिनिटाला ४२ थेंब. घड्याळ समोर धरून पंधरा सेकंदांत दहा-अकरा थेंब मोजायचे. लहान मुलांच्या मायक्रोड्रिप सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिलीलिटर, आणि तासात मिनिटंही ६०. त्यामुळं तिथं काहीच करावं लागत नाही: ताशी जितके मिलीलिटर तितकेच मिनिटाला थेंब. नवीन मुलींना मी हे आधी शिकवते, मग कोणता सेट हातात आहे ते वेष्टनावर वाचायला लावते. सेट बदलला आणि थेंब तेच ठेवले तर औषध तिप्पट वेगानं किंवा तिसऱ्या हिश्श्यानं जातं.

दुसरी आठवण २०२१ च्या एप्रिलची. ऑक्सिजनचं जंबो सिलिंडर ७ घनमीटरचं, आणि रुग्णाचं फ्लोमीटर लिटर प्रति मिनिटाचं. रात्री दोन वाजता कागदावर मांडायचो: ७ घनमीटर म्हणजे ७००० लिटर. रुग्णाला मिनिटाला १० लागतात, म्हणजे ७०० मिनिटं, अकरा तास चाळीस मिनिटं. पहाटे डॉक्टरांनी १५ केलं की तेच पूर्ण भरलेलं सिलिंडर पावणेआठ तासांवर येतं. पुढची गाडी कधी येणार त्याच्याशी हे जुळवायचं, आणि शेवटच्या थेंबापर्यंत थांबायचं नाही, आधीच बदलायचं. त्या महिन्यात घनमीटर आणि लिटर यांच्यातला हजार आमच्या हाताला कायमचा बसला.

गणित_शिकवतो

ताई, तुमचा प्रतिसाद उद्या वर्गात वाचून दाखवतो. चालेल ना?

दवाखान्यातली_ताई

जरूर दाखवा सर.

कॉम्प्रेसरवाला

ताईंच्या ऑक्सिजनवरून आठवलं. पाण्याचं सोपं असतं, पाणी दाबलं तरी तेवढंच राहतं. हवा आणि वायू यांचं तसं नाही. आमच्या कारखान्यात हवेचा प्रवाह "नॉर्मल घनमीटर प्रति तास" मध्ये लिहितात, म्हणजे शून्य अंश सेल्सियस आणि नेहमीच्या वातावरणाच्या दाबाला ती हवा किती जागा व्यापेल ते. गेजवर ७ बार दिसत असेल तर पाइपातल्या हवेवर खरा दाब साधारण ८ बार असतो, म्हणून तीच हवा पाइपात साधारण एक अष्टमांश जागेत बसते. एकक दोन्हीकडं घनमीटर प्रति तासच. म्हणून वायूच्या बाबतीत एकक बदलण्याआधी "कोणत्या दाबाला, कोणत्या तापमानाला" हे विचारा. जंबो सिलिंडरचे ७ घनमीटरही बाहेर पडल्यावरचे आहेत. सिलिंडरच्या आत जागा पन्नास लिटरपेक्षा कमीच असते.

निवृत्त_पाटबंधारे

धागा उत्तम चालला आहे. कालव्याच्या बाजूनं थोडं लिहितो, कारण सांगोल्याकडच्या शेतकऱ्याला आज ना उद्या आवर्तनाचा, म्हणजे कालव्याला पाळीनं सुटणाऱ्या पाण्याचा, हिशोब करावाच लागतो.

आमच्या खात्याची पंचाईत अशी की आम्ही दोन भाषा बोलतो. अहवालात घनमीटर प्रति सेकंद आणि दशलक्ष घनमीटर, म्हणजे दलघमी. तोंडी मात्र क्युसेक आणि टीएमसी. क्युसेक मेट्रिक नाही, सेकंदाला एक घनफूट. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३२ लिटर. घनमीटर प्रति सेकंदला आम्ही क्युमेक म्हणतो, एका क्युमेकमध्ये ३५.३१ क्युसेक. आणि टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, २८.३२ दलघमी.

इथं वर्तमानपत्रात कायम होणारी गल्लत सांगतो. टीएमसी हा साठा आहे, क्युसेक हा वेग आहे. "धरणात इतके क्युसेक पाणी आहे" हे वाक्य मुळातच चुकीचं. साठ्याला वेगाशी जोडणारा दुवा म्हणजे वेळ, आणि दिवसात ८६,४०० सेकंद असतात. त्यावरून एक आकडा निघतो जो मी नोकरीभर वापरला: ११,५७४ क्युसेकनं पूर्ण एक दिवस पाणी सोडलं की एक टीएमसी जातं.

खडकवासल्याचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी. पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१. चारही मिळून २९.१५. आता २५ जुलै २०२४ आठवा. त्या दिवशी खडकवासल्यातून मुठेत ३५ हजार क्युसेकच्या वर विसर्ग गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं. ३५,००० भागिले ११,५७४ म्हणजे दिवसाला तीन टीएमसी. म्हणजे त्या वेगानं वरून काही न येता पाणी जात राहिलं असतं, तर भरलेलं खडकवासला सोळा तासांत रिकामं झालं असतं. हे धरण साठवायला किती लहान आहे आणि वरचा पाऊस किती लवकर खाली येतो, ते या एका भागाकारात दिसतं. विसर्गाचा आकडा वाचताना नागरिकांनी एवढं तरी करून बघावं अशी माझी फार इच्छा आहे.

अंधेरीकर

काका, मुंबईत सगळं एमएलडीमध्ये असतं. त्याचं या क्युसेकशी काय नातं? मी गुगलवर पाहिलं, १ एमएलडी = ११५७ लिटर प्रति सेकंद असं काहीतरी आलं होतं.

निवृत्त_पाटबंधारे

दशांश चिन्ह सरकलं आहे. एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर, म्हणजे दिवसाला १००० घनमीटर. दहा लाखाला ८६,४०० नं भागा: ११.५७४ लिटर प्रति सेकंद. वरच्या ११,५७४ चेच अंक आले. हा योगायोग नाही. टीएमसीमध्ये अब्ज आहे, एमएलडीत दहा लाख आहे आणि दोन्हीकडं भागायला ८६,४०० च आहेत. एक लक्षात राहिला की दुसरा आपोआप येतो.

आता तुमची मुंबई. शहराला रोज ३८५० एमएलडीच्या आसपास पाणी पुरवलं जातं. ३८५० गुणिले ११.५७४, म्हणजे सेकंदाला सुमारे ४४,५६० लिटर, ४४.६ क्युमेक, साधारण १५७४ क्युसेक. आणि खडकवासल्याचा त्या दिवशीचा ३५,००० क्युसेकचा विसर्ग म्हणजे ९९१ क्युमेक. अख्ख्या मुंबईच्या पाण्याच्या बावीस पट पाणी एका मुठेतून.

अंधेरीकर

काका, हे वाचून थांबलोच. मी लहानपणापासून सात तलावांचे आकडे पेपरात वाचतो, १४,४७,३६३ दशलक्ष लिटर वगैरे. ते ३८५० नं भागलं तर ३७६ दिवस. म्हणजे तलाव काठोकाठ भरले तर जेमतेम वर्षभराची सोय!

निवृत्त_पाटबंधारे

बरोबर, आणि त्यात बाष्पीभवन धरलेलं नाही. तोच साठा टीएमसीत ५१ च्या थोडा वर.

जलशुद्धीकेंद्र

एमएलडी निघालाच आहे तर एक इशारा. इंग्रजीत मोठा एम म्हणजे मेगा, दहा लाख. छोटा एम म्हणजे मिली, हजारावा भाग. टेंडरच्या कागदात टंकलेखकानं सगळंच छोट्या लिपीत टाकलेलं मी पाहिलंय. दोन्हींत अब्जाचा फरक आहे. संदर्भावरून कळतं, पण लिहिताना "दशलक्ष लिटर प्रतिदिन" असं पूर्ण लिहिलं तर प्रश्नच राहत नाही.

माणदेशी_डाळिंब

मंडळी, मोजून झालं. सविस्तर लिहितो.

बॅरल बादलीनं भरून पाहिलं, दोनशेची खूण रंगानं केली. पाइप उघडा ठेवून तीनदा मोजलं: ४०, ३९, ४१ सेकंद. सरासरी ४०. म्हणजे सेकंदाला ५ लिटर, मिनिटाला ३००, तासाला १८ घनमीटर. दुकानदाराचे ३०० एलपीएम अगदी बरोबर निघाले! पण ते उघड्या पाइपाचे.

मग व्हॉल्व्ह आवळला, गेज दीड किलोवर आणला. ४८ सेकंद, तिन्ही वेळा जवळपास तेवढेच. २०० भागिले ४८ म्हणजे ४.१७ लिटर प्रति सेकंद, २५० एलपीएम, १५ घनमीटर प्रति तास.

गरज १९.२ ची आणि येतंय १५.

नंतर पोरगा आणि मी बागेत गेलो. चार एकर एकदम चालू केलं, जसं इतके दिवस करत होतो. बायकोच्या औषधाच्या बाटलीबरोबर आलेलं मापाचं झाकण आणि एक वाटी घेऊन ड्रिपरखाली एक मिनिट धरलं. ताशी ४ लिटर म्हणजे मिनिटाला ६७ मिलीलिटर यायला हवेत, हे पोरानं काढलं. पहिल्या ओळीत ६३ आले. शेवटच्या ओळीत ४०. चाळीस म्हणजे ताशी फक्त २.४ लिटर. शेवटच्या झाडाला चार ड्रिपर मिळून १६ च्या जागी ९.६ लिटर जात होतं, आणि मी सगळ्यांना तेवढाच वेळ पाणी देत होतो. दोन वर्षं.

वाटी हातात घेऊन मी तिथंच बसलो थोडा वेळ.

पंपदुरुस्ती_कामगार

दादा, मोजलं हे फार चांगलं केलंत. तुमचं हेड मांडतो. विहिरीत पाणी ६० फूट म्हणजे १८ मीटर. ४०० मीटर पाइपात १५ घनमीटरला ढोबळ ७ मीटर जात असतील. दीड किलो म्हणजे १५ मीटर. एकूण ४०. प्लेट ३० ची गोष्ट सांगते, तुम्ही ४० ला चालवताय, मग ६ कुठून येणार?

पण उघड्या पाइपालाही ५ च आले, तिथं हेड तीसच्या आत असूनही. म्हणजे मोटर झिजली आहे किंवा होल्टेज कमी आहे. व्होल्टमीटरवर किती दाखवतं ते बघा. मोटर किती वर्षांची?

माणदेशी_डाळिंब

आठ वर्षांची, एकदा रिवाइंडिंग झालंय. होल्टेज दिवसा ३८० ते ३९० असतं.

पंपदुरुस्ती_कामगार

मग इंपेलर (आतला पाणी फेकणारा पंखा) आणि वेअर रिंग (त्याभोवतीची झिजणारी कडी) बघावी लागेल. पण मोटर उतरवायच्या आधी बाग वाचवा. दोन शिफ्ट करा.

दोन एकर म्हणजे ६०० झाडं, ९६०० एलपीएच, ९.६ घनमीटर. मोटर १५ देतेय, भरपूर झालं. उरलेले ५.४ घनमीटर म्हणजे मिनिटाला ९० लिटर बायपासनं परत विहिरीत सोडा, गेज दीडवर राहील एवढाच बायपास उघडा. बायपास बंद ठेवून दाब वाढू दिला तर लॅटरलचे, म्हणजे ड्रिपच्या नळ्यांचे, जोड निसटतात. पुढं कधी एकरभर अजून लावलंत तर त्या ३०० झाडांचे ताशी ४८०० लिटर याच शिफ्टमध्ये बसतात, बायपास जवळपास बंद होईल.

निवृत्त_पाटबंधारे

वेळही मांडा. झाडाला रोज किती लिटर द्यायचं ठरलंय?

माणदेशी_डाळिंब

कृषी सल्लागारांनी या महिन्यात झाडाला रोज ४० लिटर सांगितलंय.

निवृत्त_पाटबंधारे

झाडाला ताशी १६ लिटर, म्हणजे अडीच तास. दोन शिफ्टचे पाच तास. तीन फेजची आठ तास लाइट मिळते त्यात बसतं, आणि वीज गेली तरी तीन तास हातात राहतात.

रोजची एकूण गरज १२०० गुणिले ४०, ४८ घनमीटर. शेततळं आहे का?

माणदेशी_डाळिंब

आहे काका. ३० बाय ३० बाय ३ मीटर, बाजू एकास एक उताराच्या, कागद अंथरलेलं. कालव्याचं आवर्तन आलं की चारीतून भरतो.

निवृत्त_पाटबंधारे

वर ३० बाय ३०, तळाला २४ बाय २४. त्याचा साठा २१९६ घनमीटर. चारीला एक क्युसेक येत असेल तर २८.३२ गुणिले ३.६, ताशी १०२ घनमीटर, म्हणजे साडेएकवीस तासांत भरेल. आवर्तनात तुमची पाळी किती तासांची आहे ते यावरून बघा.

चारीत खरंच एक क्युसेक येतंय का हे बघायचं असेल तर ९० अंशांची व्ही खाच बसवलेली फळी लावा. खाचेच्या तळापासून पाण्याची उंची, फळीच्या जरा मागं, मीटरमध्ये मोजायची. ती उंची अडीचच्या घाताला नेऊन १.३८ नं गुणलं की घनमीटर प्रति सेकंद. १० सेंटिमीटरला ४.४ लिटर प्रति सेकंद येतात. २० सेंटिमीटरला दुप्पट नाही, जवळपास २५ लिटर. सूत्रात सेंटिमीटर घातले तर उत्तर पार बिघडतं, ०.१ आणि ०.२ असंच घालायचं.

उन्हाळ्यात तळ्यातून हवेतही पाणी जातं. दिवसाला ८ मिलिमीटर धरा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर. वरचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर, म्हणजे रोज ७.२ घनमीटर उडून जाणार. ४८ अधिक ७.२, रोज ५५.२. भरलेलं तळं चाळीस दिवस पुरेल. पाणी उतरेल तसा पृष्ठभाग लहान होतो, त्यामुळं एखादा दिवस जास्त मिळेल.

कोडवाला_पुणे

मी वर अ‍ॅपचं म्हटलं होतं. शेवटच्या ओळीतल्या वाटीबद्दल वाचलं आणि मत बदललं. आमच्या सोसायटीत टँकर येतो, उद्या टाकी किती मिनिटांत भरते ते मोजणार आहे.

माणदेशी_डाळिंब

दहा दिवसांनी परत आलोय.

दोन शिफ्ट चालू केल्या, सबमेनवर एक व्हॉल्व्ह नवीन बसवला. पहिल्याच दिवशी परत वाटी धरली. पहिल्या ओळीत मिनिटाला ६६ मिलीलिटर, शेवटच्या ओळीत ६२. पोरानं वहीत तारीख घालून लिहिलं.

सोमवारी मोटर उतरवली. वेअर रिंग झिजली होती, बदलली. गेज दीड किलोवर ठेवून बॅरल आता ४२ सेकंदांत भरतं. ४.७६ एलपीएस, १७.१ घनमीटर प्रति तास. अजूनही १९.२ नाही, म्हणून शिफ्ट दोनच राहणार. स्टार्टरच्या डब्याच्या झाकणावर आतून ऑइलपेंटनं लिहून ठेवलंय: ४२ सेकंद, १७.१, खाली तारीख. दर बहराच्या आधी बॅरल लावून मोजणार.

शेवटच्या ओळीतल्या झाडांना परवा चौकी, म्हणजे कळ्यांची सुरुवात, फुटलेली दिसली.